छळ हा एक शब्द आणि माझी बाकीची मिळकत

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, धंदा मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. घोटे सोडले तर वयाच्या मानाने प्रकृती ठीक आहे. बुद्धी शाबूत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला. त्या दाखल्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका मी तिथल्या तिथे दाखवल्या, तेव्हा त्या म्हणाल्या की मग दाखल्याची गरज नव्हतीच.

अशा कागदावर "राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय" असे लिहायची रीत आहे. मी ते लिहिते, पण जरा थांबून लिहिते. हेच शब्द असलेल्या एका कागदावर मी पूर्वी एकदा सही केलेली आहे. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते, पाच दिवस झोपले नव्हते, आणि समोरच्या कागदावर काय लिहिले आहे हे मला वाचता येत नव्हते. तो कागद पुढे कोर्टाने रद्द केला. हा तसा रद्द होऊ नये म्हणून नमूद करते, की मी आत्ता खुर्चीवर बसले आहे, काल साडेआठ तास झोपले, आणि प्रत्येक काना-मात्रा मला स्वच्छ दिसते आहे. राजीखुशीने लिहिते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आधी देण्यासारखे काही नव्हते, नंतर खटल्यातून सवड नव्हती.

कलम १. राहते घर

टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानावरचे माझे राहते घर, दुसरा मजला, दोन खोल्या व स्वयंपाकघर, हे माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावे. ती परिचारिका आहे, तिच्या पाळ्या विचित्र असतात, आणि तिचे सध्याचे घर इस्पितळापासून फार लांब आहे. दुसरे कारण तिच्या आईचे. मी सुटून आले त्या दिवशी माझे पाय माझ्याच चपलांत जाईनात. बहिणीने नवऱ्याच्या पायांतल्या चपला काढून घेतल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. मेहुणे अनवाणी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मला नाहीतरी नव्या घ्यायच्याच होत्या." त्या चपला घालून मी सात महिने चालले. ते दोघेही आता नाहीत. घर त्यांच्या लेकीचे.

भाचीला दोन सूचना. मागच्या खिडकीचा खटका आधी वर ढकलावा, मग ओढावा. नुसता ओढला तर हातात येतो. आणि प्रत्येक पलंगाच्या उशाशी दिव्याचे बटण आहे, ते काढून टाकू नये. वीजवाल्याला वाटले होते म्हातारी लहरी आहे. झोपताना आपला दिवा आपल्या हाताने बंद करता येणे ही माझ्या घरातली सर्वांत महागडी सोय आहे.

कलम २. हत्यारे

माझे मोठे भिंग, पोलादी पट्टी, लाल शाईची चारही पेने आणि तिरके लाकडी मेज ही माझ्या धंद्याची हत्यारे खटल्याच्या वर्षांत माझ्या हाताखाली शिकलेल्या मदतनीस बाईंना मिळावीत. त्या आज सरकारी छापखान्यात मुख्य मुद्रितशोधक आहेत. पट्टीच्या एका टोकाला खाच आहे, ती मुद्दाम पाडलेली आहे. घासून सरळ करू नये.

या पट्टीखालूनच ते पत्रक गेले. आमचा छापखाना लहान, तीन माणसांचा: मालक, खिळे जुळवणारे जुळारी, आणि मी. गावातल्या कापड गिरणीत बॉयलर फुटला. सरकारी निवेदनात तीन मेले असे आले. दहा दिवसांनी मालकांकडे हाताने लिहिलेले एक पान आले. त्यात अकरा नावे होती, प्रत्येकापुढे वय आणि पाळी, आणि खाली एवढेच की बॉयलर दुरुस्त करा असा अर्ज तीनदा दिला होता, त्या तीन तारखा अशा. जुळारी त्या आठवड्यात रजेवर होते, त्यांची लेक आजारी होती. मालकांनी ते पान स्वतः जुळवले. मी प्रूफ तपासले. अकरांपैकी एका नावात वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मेलेल्या माणसाचे नाव तरी बरोबर पाहिजे.

हस्तलिखित मालकांनी जाळले आणि चार दिवसांनी ते गाव सोडून गेले. पण प्रूफ तपासायचे तर मूळ प्रत समोर लागते, म्हणून ते अक्षर मी पाहिले होते. आणि ओळखलेही होते. गिरणीच्या हजेरी कारकुनाचे होते ते. वर्षानुवर्षे गिरणीच्या नोटिसा छापायला तोच घेऊन यायचा. त्याच्या "र"ला एक उगाच लांब शेपूट असायचे.

मंगळवारी सकाळी चहा पुढ्यात असताना पोलीस मला घेऊन गेले.

कलम ३. ज्यांना काही देत नाही

खालील दोन व्यक्तींना मी माझ्या मिळकतीतून काहीही देत नाही. दोघेही माझे वारस नाहीत, त्यामुळे हे लिहायची गरज नव्हती असे वकीलबाई म्हणतात. मला लिहायचे आहे.

पहिले, चौकशी करणारे साहेब. इस्त्रीचे कपडे, आवाज कधी चढला नाही, मला शेवटपर्यंत "बाई" म्हणाले. पाणीपुरवठा खात्याच्या जुन्या कचेरीतली एक खोली होती, भिंतींना पिवळा तेलरंग. मला भिंतीपासून हातभर लांब उभे केले. टेकायचे नाही, बसायचे नाही, डोळे मिटायचे नाहीत. वर चार नळ्यांचा दिवा, कधी न विझणारा. कोपऱ्यात रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवलेला, नुसती खरखर, मोठ्याने. पेंगले की पायांवर थंड पाणी. दर चार तासांनी स्टूल आणत, पाच मिनिटे बसवत, आणि स्टूल काढून घेत. साहेब मधूनमधून येऊन विचारत, "आठवलं का, बाई, अक्षर कुणाचं?"

पहिले दोन दिवस मी मनात म्हणत होते, नुसते उभे तर राहायचे आहे. धोबी उभा असतो, शिक्षक उभा असतो. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या रंगाचे पोपडे अक्षरे झाले. मी ती वाचू लागले. त्यांत फार चुका होत्या. पहाऱ्यावरच्या शिपायाला मी म्हटले, "तिसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलाय, कुणाला तरी सांगा." तो बिचारा घाबरला आणि त्याने नोंदवहीत लिहिले: "बाई भिंत वाचतात." त्या शिपायाचे माझ्यावर उपकार आहेत. ती नोंद पुढे कोर्टात पुराव्यातली निशाणी सतरा झाली.

दुसरे, डॉक्टर. ते तीन वेळा आले. नाडी पाहिली, रक्तदाब घेतला. शेवटच्या वेळी खाली वाकून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. तो खळगा आम्ही दोघांनीही पाहिला. मग त्यांनी माझ्याकडे न बघता कागदावर लिहिले, "चालू ठेवण्यास हरकत नाही." साहेबांना मी एखाद वेळी माफ करीन, त्यांना मी माणूस वाटतच नव्हते. डॉक्टरांना माझे पाय दिसले होते.

पाचव्या दिवशी मी एक नाव सांगितले. ते जुळाऱ्यांचे होते. कसे, ते कलम ५ मध्ये येईल. साहेबांनी मला बसू दिले, जबाबावर सही घेतली आणि जुळाऱ्यांना उचलले. ते चौदा महिने आत होते. त्यांच्याविरुद्ध काहीही निघाले नाही, कारण काहीही नव्हते.

कलम ४. लोखंडी कपाट

पुढच्या खोलीतले लोखंडी कपाट माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला द्यावे. त्याला ते लहानपणापासून आवडते. कपाटाच्या वरच्या खणात एक कागद आहे, तोही त्याचाच.

दोन वर्षांनी ओरड झाली म्हणून चौकशी आयोग बसला. साहेबांनी आयोगापुढे सांगितले, "आम्ही बाईंना हातही लावला नाही." हे शब्दशः खरे होते. हाड मोडलेले नाही, वळ नाही, रक्त नाही. आयोगाच्या अहवालात एक्केचाळिसाव्या पानावर छापून आले: "सदर पद्धती कठोर होत्या, तथापि त्यांस छळ म्हणता येणार नाही." ते वाक्य मी जन्मभर करत आले त्या रीतीने वाचले, एकेका शब्दावर बोट ठेवून. व्याकरण बिनचूक होते. चूक एकच होती. मग मी कोर्टात गेले.

हा भाचा तेव्हा सरकारी कचेरीत नुकता लागला होता. सहा वर्षे खटला चालल्यावर तो तडजोडीचा मसुदा घेऊन आला. सरकार भरपाई देणार होते, पत्र देणार होते, फक्त खटला मागे घ्यायचा होता.

"आत्या, सही करा. तुमच्यामुळे माझी बढती अडकलीये," तो म्हणाला.

मी मसुदा वाचला. लिहिले होते, "आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल शासनास खेद आहे."

"गैरसोय?" मी विचारले.

"आता एका शब्दावरून काय डोकं फोडायचं? त्यांनी खेद म्हटलंय ना?"

"गैरसोय म्हणजे नळाला पाणी न येणं."

"मग तुम्हाला काय हवंय, आत्या?"

मी लाल पेन घेतले, "गैरसोयीबद्दल" वर रेघ मारली, समासात "छळाबद्दल" लिहिले आणि कागद त्याच्या हातात दिला. म्हटले, एवढी दुरुस्ती करून आणलीस तर लगेच सही करते. ती दुरुस्ती होऊन आली नाही. तो दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही, आणि बढती त्याला पुढे मिळालीच. कपाटातला कागद म्हणजे तोच मसुदा. माझ्या मनात राग नाही, एवढेच की अधूनमधून कपाट उघडताना त्याने तो वाचावा.

कलम ५. शब्दकोश

माझा दोन खंडांचा शब्दकोश, पहिल्या खंडाची पाठ सुटलेली आहे, गिरणीच्या निवृत्त हजेरी कारकुनाला द्यावा.

या कलमात मला एक गोष्ट लिहून ठेवायची आहे. ती मी कोर्टात सांगितलेली आहे, पण लोक अजून विसरतात. माझ्या तोंडून हजेरी कारकुनाचे नाव निघाले नाही, ते मी मुद्दाम लपवले असे धरून कामगार संघटनेने माझे पोस्टर छापले होते. माझा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत "ती बोलली नाही." गावातल्या भिंती भरल्या. मी भाजी घ्यायला गेले तर बायका वाट करून द्यायच्या. मी ते चालू दिले. एकदाही म्हटले नाही की थांबा.

साक्षीच्या आठवडाभर आधी वकीलबाईंनी मला कचेरीत बोलावले. पुढे त्या न्यायाधीश होऊन निवृत्त झाल्या, तेव्हा तरुण होत्या आणि फार सिगारेटी ओढत. त्यांनी सरकारी वकिलांचे लेखी म्हणणे माझ्यापुढे सरकवले.

"वाचा. ते म्हणतात, बाई पाच दिवसांनंतरही इतक्या शुद्धीत होत्या की खरं नाव लपवून त्यांनी खोटं नाव दिलं. ज्या माणसाचा छळ झालाय त्याला असं हुशारीनं खोटं बोलता येत नाही. म्हणून हा छळ नव्हे." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "ताई, तुम्ही खोटं नाव का दिलंत?"

मी त्यांना सांगितले. कोणालाही सांगितले नव्हते, बहिणीलासुद्धा नाही.

त्यांनी सिगारेट विझवली. मग म्हणाल्या, "हे सांगितलं नाहीत तर आपण हरतो. सांगितलंत तर जिंकू, पण लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलंय ते खाली ठेवतील."

"खाली म्हणजे कुठं?"

"जमिनीवर."

"तिथं बसता येईल," मी म्हटले. त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले.

संघटनेचे चिटणीस घरी आले. म्हणाले, ताई, पोस्टरं सगळ्या गावात लागलीत. मी म्हटले, मग काढा.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेले होते. पुढच्या बाकावर हजेरी कारकून, दर तारखेसारखा. मागच्या बाकावर, दाराशी, जुळारी. त्यांना मी अकरा वर्षांनी पाहत होते. ते सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले होते. वहिनी दारात आल्या, म्हणाल्या, "ते घरात नाहीत," आणि त्यांच्या पाठीमागे उंबऱ्यात जुळाऱ्यांचे बूट दिसत होते. मी पुन्हा गेले, तीनदा. बूट तिथेच असायचे.

वकीलबाईंनी विचारले, "पाचव्या दिवशी काय झालं?"

मी सांगितले ते असे. पाचव्या दिवशी मी ठरवले की खरे नाव सांगून टाकायचे. हजेरी कारकुनाला धरून नेतील, त्याची दोन लहान मुले आहेत, हे सगळे मला माहीत होते आणि मला त्याचे काहीही वाटत नव्हते. मला बसायचे होते. मी साहेबांना हाक मारली आणि तोंड उघडले, तर नाव नव्हते. त्याचे अक्षर दिसत होते, "र"चे शेपूट दिसत होते, त्याचा चेहरा दिसत होता, नाव कुठेच नव्हते. मी साहेबांना म्हटले, "मला पहिलं अक्षर सांगा, मी पुढचं सांगते." ते म्हणाले, "पहिलं अक्षर आम्हाला माहीत असतं तर तुम्हाला कशाला आणलं असतं, बाई?" मग माझ्या तोंडून जे नाव दिवसातून चाळीस वेळा निघायचे ते निघाले. छापखान्यात मी दुसऱ्या कोणाला हाक मारणार? जुळाऱ्यांचे नाव निघाले. मी ते निवडले नाही. मी ते दिले मात्र.

"मी गप्प राहिले नाही," मी न्यायाधीशांना म्हटले. "मी बोलले. ते पोस्टर चूक आहे."

मी मागे पाहिले नाही, माझी हिंमत झाली नाही.

दुपारी बाहेर बाकावर बसले होते तेव्हा हजेरी कारकून येऊन शेजारी बसला. म्हणाला, "म्हणजे मी वाचलो तो तुमच्यामुळे नाही."

"नाही."

तो थोडा वेळ चपलेने जमीन उकरत राहिला. "बरं झालं सांगितलंत. अकरा वर्षं तुमच्या उपकाराखाली वाकून चालतोय. पाठ गेली माझी." आणि त्याने डब्यातली अर्धी पोळी मला दिली. त्या दिवसापासून आमची खरी ओळख आहे. त्याच्या अक्षरात अजून सुधारणा नाही, म्हणून शब्दकोश.

कलम ६. बँकेतील ठेव

कोर्टाच्या हुकुमाने मिळालेली भरपाई मी कधी वापरली नाही. ती ठेव, आजवरच्या व्याजासह, मी जुळाऱ्यांना देण्याचे योजले होते. प्रत्यक्षात ती त्यांच्या मुलीला जाईल. कारण कलम ९ मध्ये आहे.

जुळारी त्या दिवशी कोर्टात आले होते ते माझ्यासाठी नव्हे. सरकारी वकिलांनी त्यांना आपला साक्षीदार म्हणून बोलावले होते. हिशोब सरळ होता. ज्याला या बाईने चौदा महिने आत घातले तो तिच्या बाजूने कसा बोलेल? दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिंजऱ्यात उभे राहिले. केस पांढरे झालेले, बोटांना अजून शाई.

सरकारी वकिलांनी विचारले, "छापखान्यात तुमचं आणि बाईंचं भांडण होतं, खरं ना?"

"रोज. त्या चुका काढायच्या, मी नवीन करायचो."

"आणि त्यांनी खोटंच तुमचं नाव घेतलं. तुमचा त्यांच्यावर राग आहे?"

"आहे. अजून आहे."

"म्हणजे त्यांनी जाणूनबुजून तुम्हाला अडकवलं, असंच तुमचं म्हणणं."

जुळाऱ्यांनी कठड्याला हात धरला. "साहेब, मला त्याच खोलीत नेलं होतं. तोच दिवा, तोच रेडिओ. मी तीन दिवस टिकलो, बाई पाच. मी दोन नावं दिली. एक शाळेतल्या मास्तरांचं, ते चार वर्षांपूर्वी वारले होते. दुसरं माझ्या सख्ख्या मेहुण्याचं. त्याला लिहितासुद्धा येत नाही."

सरकारी वकील म्हणाले, "हे तुम्ही पूर्वी कधी सांगितलं नाहीत."

"लाज वाटत होती. काल बाईंनी सांगितलं, मग मला कसली लाज?"

नंतर वकीलबाईंनी साहेबांची उलटतपासणी घेतली. चारच प्रश्न विचारले.

"उभं ठेवण्याला नियमावलीत मर्यादा आहे?"

"आहे. चार तास."

"आणि बाई पाच दिवस उभ्या होत्या."

"सलग नाही. चार तासांनी पाच मिनिटं बसवत होतो, मग नवे चार तास सुरू. नियम मोडलेला नाही."

"या खोलीतून तुम्हाला एकूण तीन नावं मिळाली. त्यांतलं खरं किती?"

साहेबांनी नोंदवही चाळली. बराच वेळ चाळली. न्यायाधीशांनी शेवटी स्वतः विचारले, "किती?"

"एकही नाही."

"आणि हात लावला नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता खाली बसल्या.

निकाल यायला आणखी तीन वर्षे लागली. न्यायाधीशांनी तो पूर्ण वाचून दाखवला. त्यातला एक परिच्छेद मला पाठ आहे: "हात लावला नाही, हा बचाव होऊ शकत नाही. येथे माणसाचे स्वतःचे शरीर त्याच्याविरुद्ध वापरले गेले, व ते त्याच्या स्मरणशक्तीचा ताबा सुटेपर्यंत वापरले गेले. पद्धतीला कोणते नाव दिले याने पद्धत बदलत नाही. हा छळ होता." बाकीचे लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मी निकालाची प्रत घेऊन "छळ" हा शब्द किती वेळा आला ते मोजत बसले. सत्तेचाळीस वेळा. सगळीकडे बरोबर छापला होता.

साहेबांना शिक्षा झाली, डॉक्टरांचा परवाना गेला, आणि चार तासांचा तो नियम नियमावलीतून काढून टाकला गेला. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना माझे घोटे भरून आले. मागून कोणीतरी माझा कोपर धरला. जुळारी होते. म्हणाले, "सावकाश. घाई कसली आता?"

कलम ७. एक प्रूफ

काचेच्या चौकटीत लावलेला, लाल शाईची एक खूण असलेला छापील कागद गावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावा, आणि वाचनकक्षात जिथे उजेड असेल तिथे लावावा.

कोर्टाने हुकूम दिला होता की आयोगाच्या अहवालाच्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र जोडावे. ते सरकारी छापखान्यात छापायला गेले. तिथे माझी मदतनीस होती. ती प्रूफ घेऊन स्वतः माझ्या दारात आली. "बाई, नियमात बसत नाही, पण तुमची नजर फिरल्याशिवाय मी हे सोडणार नाही."

कागदावर दोन ओळी होत्या: "पृष्ठ ४१, परिच्छेद ३ मध्ये 'त्यांस छळ म्हणता येणार नाही' याऐवजी 'तो छल होता' असे वाचावे."

मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे. छल म्हणजे कपट. बारा वर्षे भांडून शब्द मिळवला आणि सरकारच्या खिळ्यांनी शेवटच्या ओळीत दुसराच बसवला. आम्ही दोघी इतक्या हसलो की खालचा टाइपरायटरवाला काय झाले म्हणून वर आला. मग मी भिंग घेतले, "ल" कापला आणि समासात "ळ" लिहिला. आयुष्यात केलेल्या हजारो दुरुस्त्यांतली ही एक.

शुद्धिपत्र छापून झाल्यावर मी सतरा वाचनालयांत जाऊन अहवाल मागवला. दोन ठिकाणी ते चिकटवले नव्हते. तिथे मी खुर्ची मागून घेतली आणि चिकटवून होईपर्यंत बसून राहिले.

ती पिवळ्या भिंतींची खोलीही मी पाहून आले. आता तिथे वाहन परवान्याची कचेरी आहे, चार लांब बाकडी ठेवलेली आहेत. शिपायाने विचारले, "आजी, कितवा नंबर?" मी म्हटले, "नंबर नाही, नुसती बसते." तो म्हणाला, "बसा की." मी तासभर बसले. लोक येत होते, फोटो काढत होते, रांगेवरून भांडत होते. फार बरे वाटले.

कलम ८. निधनाची बातमी

वर्तमानपत्रात द्यायची चौकट मी लिहून ठेवली आहे, तीत बदल करू नये. "येथील जुन्या मुद्रितशोधक बाई वारल्या. तरुणपणी पाच दिवस त्यांचा छळ झाला. त्या बोलल्या, आणि पुढे त्याबद्दलही बोलल्या." संपादकांनी "कथित" हा शब्द घालू नये. घातल्यास वकीलबाईंनी निकालाची प्रत पाठवावी. शोकसभेत पोस्टर लावू नये. भाषणे बसून करावीत, म्हणजे लांबली तरी कोणाचे पाय दुखणार नाहीत.

कलम ९. अंमलबजावणी व साक्षीदार

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या निवृत्त आहेत आणि सिगारेट सोडल्यापासून त्यांना वेळ जात नाही.

साक्षीदारांबद्दल. काल सकाळी मी जुळाऱ्यांना बोलावून ठेवीचे कलम वाचून दाखवले. वकीलबाई शेजारी होत्या. जुळाऱ्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "साक्षीदार कोण?"

"भाचीच्या इस्पितळातलं कुणीतरी घेऊ," मी म्हटले.

"मी होतो."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला होता येणार नाही. ज्याला मिळकत मिळते त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. दोन्हींपैकी एक."

"मग मला मिळकत नको."

मी म्हटले, "अहो, वेड लागलंय का? ती तुमची आहे. चौदा महिने."

"ती माझ्या मुलीला द्या," ते म्हणाले. "बाईंनी आपल्या मर्जीनं सही केली, असं मला लिहून द्यायचंय. माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही." आणि खिशातून स्वतःचे पेन काढून टेबलावर ठेवले.

त्याप्रमाणे कलम ६ मध्ये दुरुस्ती केली आहे. याखेरीज या मृत्युपत्रात खाडाखोड नाही.

सही: लिहून ठेवणारी, मुद्रितशोधक (निवृत्त)

ठिकाण: माझ्या घरची पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ११ मार्च, सकाळी साडेदहा, साल नोंदणीच्या शिक्क्यावर आहे

साक्षीदार क्रमांक एक: जुळारी (निवृत्त)
बाईंनी माझ्यासमोर सही केली. कोणी सांगितले म्हणून नाही. मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

साक्षीदार क्रमांक दोन: खालचा टाइपरायटर दुरुस्तीवाला
वरीलप्रमाणे. चहा झाला.